धाकटीचं वेगळं ताट

माझ्या धाकट्या दिराने बायको स्वतःच पसंत केली, आणि तीही पाचूबंदरच्या कोळ्यांतली. सत्तरच्या दशकात सांडोरच्या आमच्यासारख्या बागायती वाडीवाल्यांच्या घरात ही लहान गोष्ट नव्हती. दोघंही ख्रिस्ती, एकाच कचेरीत कामाला, तरी सासूबाईंचं जेवण उडालं होतं. मला मात्र आतून बरं वाटत होतं. मी वडीलधाऱ्यांनी बघून, ठरवून आणलेली सून. या नव्या सुनेपुढे माझी किंमत आपोआप वाढणार, अशी माझी समजूत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे जेवायला बसलो. सासूबाईंनी सरंग्याचं कालवण केलं होतं. वाढायला गेल्या तर धाकटीने ताटावर हात आडवा धरला.

"आई, मला मासे नको. मटन पन नको. मी खात नाय."

"कोळ्याची पोर आणि मासे खात नाही?" सासरे हसले.

"लहानपनी बाबांच्या होडीवर जायची. जाळं ओढलं की मासे किती तरी वेळ तडफडत असायचे. मी बघत बसायची. मग खाववेना."

आता हिला बोलणी बसणार, म्हणून मी सासूबाईंकडे पाहिलं. मी नवी असताना डुकराच्या मटणातला चरबीचा तुकडा ताटाच्या कडेला सारला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "या घरात ताटात पडलं ते खायचं." मी श्वास रोखून तो गिळला होता. आणि आज त्या उठल्या, चुलीवर वांग्याची भाजी गरम केली आणि धाकटीच्या भातावर वाढली. वर म्हणाल्या, "पोटभर खा, बाय."

मी माझ्या ताटात पडलेलं सगळं संपवलं.

पुढे दुधाचं झालं. आमच्या गाईला गोऱ्हा झाला होता. त्याला बाजूला बांधून आम्ही आधी धार काढायचो, उरलंसुरलं त्याला. गोऱ्हा दावं ताणून हंबरायचा. धाकटी एकदा ते बघत गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून कोरा चहा प्यायला लागली. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "दूध त्याचं हाय ना." वासराच्या बरगड्या दिसतात, असं मी पूर्वी सासूबाईंना सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता त्या गोऱ्ह्यासाठी दोन सड राखून ठेवायला लागल्या. शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमच्या धाकटीला मुक्या जीवाचं फार कळतं."

मोठीला काय कळतं, हे कोणी विचारलं नाही.

एका दुपारी आम्ही दोघी बावखलाच्या काठावर कपडे धूत होतो. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमचं तळं. माडाच्या झावळीवरून खंड्या सुळकन पाण्यात पडला आणि चोचीत मासा घेऊन वर गेला. झावळीवर आपटून आपटून त्याने तो मारला. मला संधीच मिळाली.

"बघ, देवाने जगच असं केलंय. त्या खंड्याला सांगशील का, मासा खाऊ नको म्हणून?"

ती धुणं पिळत म्हणाली, "त्याला कशाला सांगू? त्याला वांगी कोन शिजवून देनार? मासा नाय मिळाला तर तो मरंल. मला दुसरं खाता येतं, वहिनी."

"आणि तुझ्या आईने मासे विकूनच तुला शिकवलं ना?"

"हो. म्हनून तर आईला मी कधी काय बोलली नाय. घरी होती तवर तिची पाटी मीच भरून द्यायची." पिळा बादलीत टाकत ती म्हणाली, "तुमाला पन कधी बोलली नाय."

ते खरं होतं. इतकंच नाही, आमच्याकडे मासे आले की साफ करून तीच द्यायची. तिच्यासारखा सुरीचा हात घरात कोणाचा नव्हता. ती तोंड वाकडं करती, उपदेश करती, तर मला तिचा रागराग करायला सोपं गेलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

मग माझ्या मुलीचं पहिलं कम्युनियन आलं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा दिवस. त्या जेवणासाठी परड्यात डुक्कर पोसलं होतं. कापायच्या आदल्या दिवशी मुलगी रडत धाकटीकडे गेली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"काकी, त्याला मारू नका म्हणून सांग ना."

मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. धाकटीने तिचे डोळे पुसले. "तुझ्या आईला विचार. सगळं तीच करते, सगळ्यांना आवतन पन तिनेच दिलंय. तुला खायचं नसंल तर नको खाऊ."

आळीला आवतण गेलं होतं. मुलीने येऊन मला विचारलं, मी नाही म्हटलं, आणि डुक्कर कापलं गेलं. मुलीने डुकराच्या इंद्यालाला हात लावला नाही. पांढऱ्या झग्यात काकीच्या शेजारी बसून तिने वरणभात खाल्ला. सकाळपासून मी धुरात उभी होते, आणि सासूबाई आत येऊन विचारत होत्या, "धाकटीला भाजी पुरली का गो?"

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. भांडी आवरणाऱ्या सासूबाईंना मी सरळ विचारलं, "आई, मी आले तेव्हा मला नको असलेलं खायला लावलंत. हिला एका शब्दाने लावलं नाहीत. हा कुठला न्याय?"

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. जरा गोंधळल्यासारख्या दिसल्या.

"तू खाल्लंस," त्या म्हणाल्या. "नको म्हणालीच नाहीस. मला काय माहीत?" मग हळूच, "मला पण सासूने असंच खायला लावलं होतं. मीही खाल्लं."

त्यानंतर त्या मला तू जेवलीस का, असं विचारायला लागल्या. मी विचारलं म्हणून त्या विचारतात, हे ठाऊक असल्यामुळे त्यात गोडी वाटेना. धाकटीला न मागता मिळालेलं मला मागून घ्यावं लागलं.

ऐंशीनंतर दीर विरारला मनवेलपाड्यात बिल्डिंगमध्ये राहायला गेले. धाकटीने जाताना मला मिठी मारली, आणि मलाही रडू आलं, ते खोटं नव्हतं. घर मोकळं झालं. आता तरी सगळं माझं, असं वाटलं. पण सुटी लागली की मुलगी पिशवी भरून काकीकडे निघायची. सासूबाई तिच्याबरोबर केळीचा फणा आणि वालाच्या शेंगा द्यायच्या. परत आली की मुलगी आठवडाभर, काकी असं करते, काकी तसं म्हणते, हेच सांगत राहायची. मी भाकऱ्या थापत ऐकायची आणि दर वेळी तिला विचारायची, "माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"काही नाही," मुलगी म्हणायची. "तू बरी आहेस का, एवढंच विचारलं."