माळ्यावरचे टायर

मी लिहायला बसले, याबद्दल प्रथम क्षमा मागते. आयुष्य महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेले. प्रयोगवह्या तपासण्यापलीकडे लेखणीशी माझा संबंध आला नाही. चांगले लिहिणाऱ्यांचे वाचावे आणि गप्प राहावे, हेच मला शोभले असते. त्यातून विषय टायरांचा. परंतु गेले कित्येक महिने माझ्या डोक्यात दुसरे काही नाही, आणि ज्यांच्याशी बोलून मन हलके करावे त्यांना आता बोलताना धाप लागते.

माझ्या यजमानांना फुप्फुसे हळूहळू कडक होत जाण्याचा आजार आहे. त्यांच्या थोरल्या बहीण कोकणात असतात. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. दोघांची भेट होऊन बरीच वर्षे लोटली. फोनवर दोघांनाही फार बोलवत नाही. हे ‘हं’ म्हणतात, पलीकडून त्या ‘हं’ म्हणतात, आणि बराच वेळ फोन नुसता कानाशी राहतो. एकदा प्रत्यक्ष भेटावे, एवढीच ह्यांची इच्छा आहे.

मी रुग्णवाहिकेचा विषय काढून पाहिला होता.

“ॲम्ब्युलन्समधून बहिणीकडे जायचं?” हे म्हणाले. “ती मला बघून उठायची तर नाहीच, उलट तिच्या घरचे मलाच तिच्या शेजारी निजवतील.”

ह्यांना सलग बसवत नाही. थोड्या थोड्या वेळाने आडवे व्हावे लागते, आणि झोपताना प्राणवायूचे यंत्र लागते. लॉजमधल्या जिन्यांचा प्रश्न होता, आणि बहिणीच्या घरी संडास परसात, पायऱ्या उतरून. म्हणून कारमागे जोडायचे दोन चाकांवरचे लहानसे घर, म्हणजे ट्रेलर, करून घ्यायचे ठरले. गाडी माझ्या भाच्याने चालवायची, ह्यांनी पुढे बसायचे, आणि वाटेत थांबून ट्रेलरमध्ये पडायचे. कात्रजच्या पुढे एका शेडमध्ये काम सुरू झाले.

“चाकं विकत घ्यायची नाहीत,” ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. “चाकं आहेत आपल्याकडे.”

ती खरोखरच होती. आमची आधीची गाडी विकली, त्याच्या थोडे आधी ह्यांनी तिला नव्या डिस्कसकट नवे टायर घातले होते. घेणारा गृहस्थ त्यांची वेगळी किंमत धरेना. तेव्हा ह्यांनी नवे टायर डिस्कसकट उतरवून घेतले, झिजलेली जुनी चाके चढवून गाडी त्याच्या हवाली केली, आणि नवी चाके जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर ठेवली. पेठेत वाढलेल्या आम्हां दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येत, ओल्या फडक्याने पुसली जात, आणि धुतलेल्या चादरीत पुन्हा वर जात. आल्यागेल्याला हे अभिमानाने सांगत, “रस्ता म्हणून पाहिलेला नाही त्यांनी.”

तेव्हा शेडमध्ये आस आणि चाक ज्यावर बोल्टने बसते ते हब त्या डिस्कच्या मापाने बसवले गेले. एरवी घर बांधून त्याला चाके शोधतात. आम्ही चाकांना घर बांधले.

रिकामा ट्रेलर छान चालला. मग पलंग आला, पाण्याची टाकी आली, संडास आला, आणि यंत्र चालू राहावे म्हणून एकीमागून एक जड बॅटऱ्या आल्या. ह्यांचा श्वास जितका लांबवावा, तितके त्या दोन टायरांवरचे वजन वाढत होते. हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही.

सगळे भरून भाचा आणि मी चाचणीसाठी कात्रजच्या घाटाकडे निघालो. चढ संपण्याआधीच मागून ओढ जाणवू लागली. भाच्याने गाडी कडेला घेतली. डाव्या टायरच्या अंगावर मुठीएवढा फुगा आला होता, आणि त्याच्याभोवती बारीक चिरांचे जाळे पसरले होते. नक्षी मात्र तशीच, कोरी करकरीत.

“मावशी, नशीब समज,” भाचा म्हणाला. “काकांना घेऊन उतारावर असतो ना...”

रबर चालले नाही तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू त्याला आतून ठिसूळ करत राहतो. चादरीने तो अडत नाही. ज्या वायूसाठी आम्ही घरात यंत्र आणले, तोच माळ्यावर वर्षानुवर्षे शांतपणे काम करत होता. घरी आल्यावर मी ह्यांना फक्त एवढेच सांगितले की टायर बदलावे लागतील. ते छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चादरी तरी नीट आहेत का?”

दुसऱ्या दिवशी माळ्यावर उरलेले एक चाक बसवून आम्ही ट्रेलर सपाट रस्त्याने हळूहळू वजनकाट्यावर नेला.

“काय आहे आत? भंगार?” काट्यावरच्या माणसाने विचारले.

“घर आहे,” मी म्हणाले.

“मग सगळे खाली उतरा. घरात माणसं धरत नाही आम्ही.”

टायरच्या कडेवर, एक टायर किती भार पेलेल याचा अंक कोरलेला असतो. दोन्ही टायरांची मिळून जेवढी ताकद होती, त्याच्या पुढे आमचे घर गेले होते. म्हणजे टायर नवे असते तरी चालले नसते.

त्यानंतर मी दुकाने पालथी घातली. एका दुकानात मालक पेपर वाचत होते. ट्रेलरसाठी टायर हवेत म्हटल्यावर त्यांनी पान उलटले. “उसाचा का?”

“नाही, राहायचा, दोन चाकांचा. माझ्या यजमानांना घेऊन जायचंय.”

“काकू, बाहेर पाटी आहे. चारचाकी वाहनांचे टायर. तुमच्या यजमानांना दोन चाकं आहेत.”

मला रडू येईल असे वाटले, आणि त्यांनाही बहुधा ते दिसले, कारण त्यांनी पेपर ठेवला. काट्याची पावती आणि चाकांचा फोटो पाहून ते म्हणाले, मालवाहू टेम्पोचे जाड अंगाचे टायर लागतील. त्यांत हवा जास्त भरावी लागते, ती तुमच्या ह्या हलक्या मिश्रधातूच्या डिस्कला, मॅग व्हीलला, झेपणार नाही. तेव्हा लोखंडी डिस्क लागतील. लोखंडी डिस्कचे बोल्ट तुमच्या हबला बसणार नाहीत. तेव्हा हबही बदलावे लागतील. ह्या मापाचा माल मागवावा लागेल, आणि शेडवाल्याच्या हातात दुसरे काम आहे. एकूण पावसाळ्याच्या तोंडाशी या.

“किंवा,” त्यांनी मागच्या रांगेकडे बोट दाखवले, “तुमच्याच मापाचे कारचे नवे टायर आत्ता देतो. सामान कमी करा आणि देवाचं नाव घेऊन जा. जातात लोक.”

बरोबर आलेला भाचा म्हणाला, “मावशी, घेऊन टाकू. हळू चालवीन. ॲडजस्ट होईल.”

सामान काय कमी करायचे? पलंग, की बॅटऱ्या? मी त्या काळ्या, चकचकीत टायरांसमोर किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. ते घेतले असते तर त्या आठवड्यात निघता आले असते. डोळ्यांपुढे घाटातला उतार येत होता, आणि त्याच वेळी कानाशी धरलेला तो फोनही. मी लोखंडी डिस्क आणि जाड टायर मागवले.

ह्यांनी ऐकून घेतले. “बरोबर केलंस,” म्हणाले, आणि कूस बदलली. नंतर रोज चहाच्या वेळी विचारत, “आले का?” मी नाही म्हटले की चहा अर्धा ठेवत. पुढे पुढे त्यांनी विचारणे सोडले. यंत्राचा काटा मात्र मी दर काही दिवसांनी वर सरकवत होते. पूर्वी ते झोपताना लागे. मग जेवताना लागू लागले. आता बसल्या जागीही लागते.

टायर आले. हब बदलले, डिस्क बसल्या. भरलेल्या ट्रेलरसह भाचा घाट चढून उतरून आला. टायर साधे गरमही झाले नव्हते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलर उभा आहे, आणि चाकांकडे पाहून नाव ठेवायला जागा नाही. ह्यांना खिडकीशी बसवले तर तो दिसतो. ते बसत नाहीत.

काल डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, “डॉक्टर म्हणून मी जाऊ नका म्हणेन. वाटेत काही झालं तर हाताशी काही नसेल. पण थांबून प्रकृती सुधारेल, असंही मी सांगू शकत नाही. ठरवावं तुम्हालाच लागेल.”

बहिणीच्या घरून सकाळी फोन होता. त्यांचे अन्न जवळजवळ तुटले आहे. ह्यांनी माझा हात धरून एवढेच म्हटले, “सोमवारी निघू या का?” मी अजून उत्तर दिलेले नाही. भाचा रजा टाकू की नको, म्हणून विचारतो आहे.

आपण माझ्या जागी असता, तर सोमवारी निघाला असता का?