बाप्तिस्तची कौलं

वेंगुर्ल्याच्या दाजीशेटच्या काजू कारखान्याचा ट्रक बाप्तिस्त अकरा वर्षं चालवत होता. आंबोलीचा घाट त्याला पाठ होता. शेटच्या बायकोला दुखण्यात बेळगावला नेलं ते त्यानंच, आणि नाताळाला शेट न चुकता उभादांड्याला त्याच्या घरी येऊन नेवऱ्या खाऊन जायचे.

१९५८च्या वैशाखात बाप्तिस्तनं घरावर झावळ्यांऐवजी कौलं घालायचं ठरवलं. बैलगाडीनं सावंतवाडीहून कौलं आणायची तर चार खेपा, आणि निम्मी वाटेतच फुटायची. शेटना कळलं तेव्हा ते आपणहून म्हणाले, "रविवारी गाडी उभीच आसा. घेवन जा. माका विचारूचा काय त्यात?"

तसा रविवारी तो गेला. कौलं भरून परतताना तुळस गावच्या चढणीला मोटार खात्याच्या अधिकाऱ्यानं हात केला. ट्रकचा परवाना खाजगी होता. त्यावर फक्त मालकाचा माल न्यायचा, मग वार कुठलाही असो. ड्रायव्हरची कौलं म्हणजे परक्याचा माल. बाप्तिस्तला हे ठाऊक नव्हतं. मालकानं दिलेली गाडी, सुट्टीचा दिवस, भाडं कुणाकडून घेतलेलं नाही; यात गुन्हा कसला, हे त्याला उमगेना. तरी तो घाबरला नाही. शेट येऊन सांगतील, एवढं त्याच्या मनात पक्कं होतं.

मंगळवारी दोघांना कचेरीत बोलावलं. अधिकाऱ्यानं शेटना समजावलं की गाडी त्यांनी दिली असेल तर परवाना रद्द होऊ शकतो, आणि ड्रायव्हरनं परस्पर नेली असेल तर दोष एकट्या ड्रायव्हरचा. शेटनी टोपी सारखी केली. अकरा वर्षांत बाप्तिस्तशी मालवणीशिवाय न बोललेला तो माणूस खिडकीकडे बघत शुद्ध मराठीत म्हणाला, "यांनी मला न विचारता गाडी नेली."

'यांनी' म्हणजे आपण, हे कळायला बाप्तिस्तला एक क्षण लागला. त्याला बोलता आलं असतं. पण शेटच्या शब्दापुढे आपला शब्द कोण धरणार, आणि धरला तरी अकरा वर्षं थोडीच परत येणार? त्याचं लायसन तीन महिन्यांसाठी जप्त झालं.

घरी बायकोनं, एस्पेरांसानं, विचारलं तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की कौलं यंदा चढणार नाहीत. मग तो विहिरीवर जाऊन बराच वेळ हातपाय धूत बसला.

लायसन सुटलं त्या आठवड्यात शेट स्वतः आले. परवाना गेला असता तर कारखाना बसला असता, ते बोलणं कागदापुरतं होतं, आता किल्ली घे, असं त्यांनी विनवलं.

"तुमी परवान्यापायी बोललात, ता माका कळला," बाप्तिस्त म्हणाला. "पण माझ्याकडे बगून तरी बोलूचा होता."

त्यानं शेटना चहा दिला. किल्ली घेतली नाही.

पुढं तो बाजारातल्या एका मिठाच्या व्यापाऱ्याकडे लागला. काम संपलं की गाडी वखारीत लावायची आणि दोन मैल चालत घर गाठायचं. नव्या मालकानं गाडी घरी न्यायला सांगितलं तरी तो हसून नको म्हणे. घाटात दाजीशेटचा ट्रक समोरून आला की नव्या ड्रायव्हरला तो हॉर्न देई. शेट शेजारी बसलेले दिसले, तर मात्र त्याची नजर रस्त्यावरून हलत नसे.