हरणाच्या माद्या आणि मार्च महिना

त्या सकाळी लार्डरमध्ये तीन माद्या उलट्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध उभी राहून पाच माणसं भांडत होती. लार्डर म्हणजे मारलेलं हरीण टांगून ठेवायची थंड खोली. मी कोपऱ्यात सुरीला धार लावत होते. भांडण मार्च महिन्यावरून होतं.

सरकारने शिकाऱ्यांची मतं मागवली होती. तोवर इंग्लंडमध्ये हरणाची मादी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच मारता यायची. ही मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवावी का, असा प्रश्न होता. मला आश्चर्य एवढंच वाटत होतं, की कायदा करायच्या आधी सरकार विचारतं.

"वाढवायलाच पाहिजे," एक शिकारी म्हणाला. नव्या लावलेल्या झाडांची राखण करायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणून मी मनात त्याला झाडांवाला म्हणायचे. "नोव्हेंबरात पानं असतात, पुढचं काही दिसत नाही. मग जानेवारी संपेपर्यंत फेझंट पक्षी मारणारे श्रीमंत लोक आपल्याला जंगलात पाऊल टाकू देत नाहीत. उरला फेब्रुवारी. अठ्ठावीस दिवसांत मी काय जादू करू?"

"मार्चमध्ये मादीचं पोट कसं असतं ते पाहिलंयस?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही कसं पाहिलंत? तेव्हा तर बंदी असते!"

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. "गाडीखाली आलेली पाहिली," तो म्हणाला. "पिल्लाला खूर आलेले होते."

"आपण कशाला घसा कोरडा करतोय?" तिसरा म्हणाला. "ठरवणार कोण? लंडनमधला टाय घातलेला माणूस. त्याने हरीण फक्त ख्रिसमसच्या कार्डावर पाहिलंय."

लार्डर ज्याचं, तो म्हातारा आमचा घरमालक. माझा नवरा बेसिंगस्टोक शहरातल्या एका इंडियन रेस्टॉरंटात आचारी होता, आणि म्हाताऱ्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. तिथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी खिडकीतून त्याला हरीण सोलताना पाहिलं. तो कातडं असं ओढत होता की मला बघवेना. तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि मी दुकानात बसायला लागले. अंगठा कातडं आणि मांस यांच्यामध्ये कसा सरकवायचा, हे मला नवव्या-दहाव्या वर्षापासून येतं. मी बाहेर गेले, त्याच्या हातातली सुरी घेतली आणि अर्धं हरीण सोलून दिलं. त्यानंतर लार्डरमधलं काम माझंच झालं. एरवी शिकारी पोट जंगलातच साफ करतात, पण आमचं जंगल घराला लागून, त्यामुळे तो हरीण पोट न उघडताच आणायचा. पोटही मीच उघडायचे.

म्हणून मार्च महिन्याबद्दल मला मत होतं. नोव्हेंबरात मादीच्या पोटात काही आहे हे कळतही नाही. जानेवारीत मुठीत मावेल एवढं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र मी तोंड फिरवायचे. दुकानात वडील कळपातली शेळी आधी चाचपून बघायचे, गाभण निघाली तर धन्याकडे परत. गिऱ्हाईक कितीही दारात उभं असो. इथे तसं चालणार नाही हे मला कळत होतं. हरणं फार झाली होती, कोवळी झाडं खाऊन टाकत होती, रस्त्यावर गाड्यांना आडवी येत होती. पण पोटात कितीपर्यंत वाढलेलं चालेल, याला कुठेतरी रेघ हवी, आणि ती रेघ फेब्रुवारीतच होती ती बरी होती.

माणसं गेल्यावर म्हातारा म्हणाला, "मार्च उघडला, की हे जंगल ज्या इस्टेटचं, तिचा मॅनेजर मला मार्चमध्ये मारायला लावणार. मग मी बंदूक ठेवून देईन, पोरी. लार्डरला कुलूप."

त्याने हे चहा मागितल्यासारखं सांगितलं. चाळीस वर्षं तो त्या जंगलात जात होता. कुठली मादी कुठल्या वाटेने येते, हे त्याला पाठ होतं. ते सोडून तो घरात काय करणार होता? आणि मी? त्या देशात मला बोलायची भीती वाटायची, दुकानात गेले तर बोट दाखवून वस्तू घ्यायचे. लार्डर ही एकच जागा होती, जिथे मला काही विचारलं जायचं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "माझ्या गावात एस. टी. थांबत नव्हती. सगळ्यांनी एका अर्जावर सह्या केल्या. अंगठेसुद्धा. मग थांबली."

इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण त्याला समजलं. त्याचे डोळे चमकले. आठवड्याभरात एक छान कागद तयार झाला. वर चार ओळी, मार्च नको म्हणून, आणि खाली सह्या. लार्डरमध्ये येणारा प्रत्येक शिकारी सही करून जायचा. एकाने तर रक्ताचा अंगठाच उठवला आणि म्हणाला, "हिच्या गावची पद्धत!" झाडांवाल्याने तेवढ्याने सही केली नाही. मला त्या कागदाचा इतका अभिमान होता, की तो पोस्टात द्यायला मी स्वतः गेले.

पोस्टातली बाई गावातलं सगळं वाचायची, आणि वाचते हे लपवायचीही नाही. तिने कागद बघितला, मग ड्रॉवरमधून सरकारची मतं मागवणारी पुस्तिका काढली, चष्मा चढवला.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं," मी म्हणाले.

"अगं, हे एकच मत धरतील ते! एक कागद, एक मत. ज्याने त्याने आपलं वेगळं लिहायचंय, आपलं कारण देऊन. आणि पुढच्या शुक्रवारच्या आत."

मी जागच्या जागी ओशाळले. आमच्याकडे जितके अंगठे तितका अर्ज जड. इथे माझ्यामुळे चौदा माणसांचं एक माणूस झालं होतं. तो कागद छातीशी धरून मी परत आले तेव्हा रस्ताभर डोळे भरून येत होते.

म्हाताऱ्याला सांगितलं, तर तो खाली बसला. "संपलं. ही माणसं पबमध्ये दिवसभर मत देतील. पण पत्र? यांच्यातल्या निम्म्यांनी लग्नानंतर पत्र लिहिलेलं नाही."

मग मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "रविवारी जेवायला बोलवा. गावच्या हॉलमध्ये. मी रांधते."

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला. "अगं, तू? चौदा माणसांत?"

"अहो, तुम्ही फक्त मोठं पातेलं आणा. बोलायचं नाहीये मला. वाढायचंय."

"मसाला कुठला घालणार?"

"आपला कांदा-लसूण."

"मरतील ते."

"थोडा कमी घालते. मेले तर पत्र कोण लिहिणार?"

रविवारी दुपारी हॉलमध्ये हरणाचं सुकं, रस्सा आणि भात, असा बेत होता. नवऱ्याने रेस्टॉरंटातून सुट्टी काढली. वास बाहेरच्या फाटकापर्यंत गेला होता. चौदाच्या चौदा आले, आणि पंधरावा झाडांवालाही आला. पोस्टातली बाई स्वतःहून आली होती, कागद, पाकिटं आणि पेनांचा डबा घेऊन. सगळे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ताटल्या घेऊन उभे राहिले. मी डाव हातात धरला आणि आदल्या दिवसापासून पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"आधी पत्र. मग जेवण."

मग एकदम हशा उठला. "अरे, ही बोलते!" कोणीतरी ओरडलं. "बोलते आणि उपाशी मारते!" दुसरा म्हणाला.

आणि मग ती धिप्पाड माणसं शाळेतल्या मुलांसारखी बाकांवर बसली. जीभ बाहेर काढून लिहायला लागली. एकजण म्हणाला, "मी तुझंच उतरवतो," तर शेजारच्याने कागदावर हात ठेवला. "कारण वेगळं पाहिजे म्हणाली ना बाई!" एकाने लिहिलं, मार्चमध्ये आपल्याला मेंढ्यांची बाळंतपणं असतात, बंदूक धरायला वेळ कुणाला. एकाने लिहिलं, बायको घटस्फोट देईल. पोस्टातल्या बाईने ते खोडायला लावलं.

झाडांवाला हात बांधून उभा होता. "मी उलटं लिहिणार आहे," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "मार्च हवा असं. मग मला मिळेल का?"

म्हाताऱ्याने मान वर केली.

"पत्र तर पत्र," मी म्हणाले, आणि त्याला कोरा कागद दिला.

त्याने सगळ्यांपेक्षा लांब लिहिलं, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. आणि दोनदा वाढून घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी रस्सा सोडत नव्हता.

शेवटी पाकिटं मोजून झाली, तेव्हा पोस्टातली बाई माझ्यासमोर येऊन बसली. "आणि तुझं?"

"मी शिकारी नाही. मी चौथी शिकलेय."

"यात इयत्ता विचारलेली नाही."

मग मी आधी मराठीत लिहिलं, कारण माझा हात त्यातच चालतो. नंतर एकेक ओळ तिला जमेल तशी सांगितली, आणि तिने खाली इंग्रजीत लिहिली. मी लिहिलं होतं: मी बंदूक चालवत नाही. बंदूकवाल्याला मादी बाहेरून दिसते. मी पोट उघडते. फेब्रुवारीच्या शेवटी आत काय असतं, ते मला माहीत आहे. त्यापुढे एक महिना नको.

तिने वाचलं आणि चष्मा काढून पुसला. रस्सा तिलाही झोंबला असेल.

काही दिवसांनी पोच आली. प्रत्येकाला वेगळी, मलाही. व्हिसाच्या कागदांवर मी नेहमी नवऱ्याच्या नावामागे जोडलेली असायचे. हे पाकीट फक्त माझ्या नावाचं होतं. मत मिळालं, एवढंच आत लिहिलं होतं. मी ते दिवसातून चारदा उघडून बघितलं.

नंतर बराच काळ काहीच कळलं नाही. दोन हजार सात साली पानगळीच्या दिवसांत नवा नियम लागू झाला. मार्च उघडला होता.

दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजर लार्डरमध्ये आला. उंच, अगदी स्वच्छ बूट घातलेला माणूस. "चांगली बातमी," तो म्हणाला. "आता मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. यंदा मारायच्या माद्यांचा ठरलेला आकडा पूर्ण होईल."

म्हाताऱ्याने खिशात हात घातला. त्याच्याकडे जंगलाच्या फाटकाची किल्ली असायची, ती परत करायला तो काढतोय हे मला दिसलं. मी सुरी बाकावर ठेवली.

"फेब्रुवारीतच आकडा पूर्ण झाला," मी म्हणाले, "तर मार्च कशाला?"

मॅनेजर वळला. मी तिथे आहे, हे त्याला तेव्हाच कळलं असावं. "पण तो पूर्ण होत नाही," तो म्हणाला.

"फेझंटवाले रोज येतात का?"

"रोज नाही."

"मग जे दिवस रिकामे, त्या सकाळी यांना जाऊ द्या. नोव्हेंबरपासून."

हे माझं डोकं नव्हतं. झाडांवाल्याने त्या पत्रात दोन्ही बाजूंनी हेच गाऱ्हाणं लिहिलं होतं, आणि जेवताना सगळ्या टेबलाला ऐकवलंही होतं. मॅनेजरने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा हात अजून खिशातच होता.

"एक वर्ष," मॅनेजर म्हणाला. "आठवड्यातून दोन सकाळी. फेब्रुवारीअखेर आकडा झाला नाही, तर मार्चमध्ये मी दुसरा माणूस आणेन."

तो हिवाळा! माझ्या आयुष्यात तसा हिवाळा नाही. उजाडायच्या आधी म्हातारा निघायचा, आणि मी कान देऊन बसायचे. जंगलाकडून बंदुकीचा एक आवाज आला की पाणी तापत ठेवायचं. झाडांवाला आपणहून मदतीला आला. "माझी खात्री आहे जमणार नाही," तो रोज म्हणायचा आणि रोज यायचा. बर्फ पडला तेव्हा त्याने माझ्यासाठी हातमोजे आणले. ख्रिसमसनंतर धुक्याचा एक आख्खा आठवडा रिकामा गेला, तेव्हा आम्ही तिघंही एकमेकांशी तुसड्यासारखं बोलायला लागलो. फेब्रुवारीचे शेवटचे पाच दिवस उरले आणि चार माद्या कमी होत्या. मग दोन मिळाल्या. मग एक. दर मादीमागे एक, अशा बाकावर ओढलेल्या खडूच्या रेघा मी सारख्या मोजायचे, जशा काही त्या आपोआप वाढणार होत्या.

शेवटची मादी महिना संपायच्या आदल्या दिवशी आली. झाडांवाल्याने मारली होती, म्हाताऱ्याने नव्हे. त्याने ती आत आणून टांगली आणि रेघ ओढायला खडू माझ्या हातात दिला. मी ओढली. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर एक जोरात थाप मारली, आणि दोघं नळापाशी हात धूत उभे राहिले. त्या दुपारी मॅनेजर आला, मोजून गेला, आणि जाताना फक्त म्हणाला, "पुढच्या वर्षीही दोन सकाळी?"

मार्च लागल्यावर एका सकाळी म्हाताऱ्याने मला विचारलं, "येतेस?" तोवर मी त्या जंगलात कधी गेले नव्हते. बंदूक घरी होती. आम्ही एका पडलेल्या झाडामागे बसलो. थोड्या वेळाने समोरच्या गवतात सात माद्या आल्या, हळूहळू, पोटं जड झालेल्या. जिवंत हरीण इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांचे कान सारखे हलतात, हे मला माहीत नव्हतं. एकीने थेट आमच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने कोपराने मला ढोसलं, आणि मी पाहिलं तर तो तोंडावर टोपी धरून लहान मुलासारखा हसत होता.