बरोबर आलेल्यांनी सांगितलेला आजार

आमच्या कोल्हापुरात दवाखान्यात एकटं जायची पद्धत नाही. एकटा माणूस बाकावर दिसला की शेजारचा विचारणारच, "पावणं, संगं कोन न्हाय व्हय?" आणि त्या विचारण्यात एवढी कणव असते, की धडधाकट माणसालाही आपण अनाथ असल्यासारखं वाटावं. त्यामुळं साधा ताप आला तरी घरातलं कुणीतरी बरोबर येतं, आणि आलं की ते गप्प बसत नाही. डॉक्टर विचारतात पेशंटला, उत्तर देतो बरोबर आलेला. पेशंटनं फक्त जीभ बाहेर काढून दाखवायची.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा सगळा घोटाळा त्यातनंच झाला.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक घेऊन येतात. मी ती उघडतो, जळकी तार काढतो, नवी भरतो. पन्नाशी उलटलीय. बोलणं कमी. गेल्या दिवाळीनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. सकाळी शटर वर करताना छातीवर कुणी पाय देऊन उभं असल्यासारखं वाटायचं. जेवणाला चव लागेना. झोप अर्धवट. आणि एक विचार यायचा. तो मी नंतर सांगतो, कारण तेव्हाही मी तो पुढंच ढकलत होतो.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती याची, की याला काही कारणच नव्हतं. दुकान बरं चाललेलं. मुलगी शिकून पुण्यात नोकरीला लागलेली. बायको प्रेमळ, म्हणजे मोठ्या आवाजात प्रेमळ. ज्यांच्या घरात खरंच काही घडलंय त्यांनी खचावं, मी कशाच्या जोरावर खचतोय? चोरीचा माल घरात ठेवल्यासारखं मी ते दुःख लपवत फिरत होतो.

बायकोनं ओळखलं. मनाच्या डॉक्टरांकडं तीच घेऊन गेली.

"काय त्रास होतो?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"झोपत न्हाईत," बायको म्हणाली. "गॅस बंद हाय का, कडी लावली का, सारखं उठून बघत्यात. पोरीनं फोन उचलला न्हाई की ह्यांचं तोंड उतरलंच."

खोटं काहीच नव्हतं. कडी मी बघायचोच. पण अंथरुणात पडून तो विचार करत बसण्यापेक्षा कडी बघितलेली बरी, म्हणून बघायचो. हे तिला कसं माहीत असणार? डॉक्टरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "बरोबर आहे ना?" मी मान हलवली. बायको चुकीचं सांगतेय असं बायकोच्या शेजारी बसून कोण म्हणतं? निदान झालं: काळजीचा आजार. रोज रात्री जेवणानंतर एक गोळी, आणि मधेच आपल्या मनानं बंद करायची नाही.

ही बातमी आमच्या गावी, कोडोलीला, पोचायला फार वेळ लागला नाही. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, दुधाची गाडी गाठून सकाळीच हजर.

"डोस्क्याच्या गोळ्या? आपल्यात कुणी खाल्ल्यात व्हय? चल, माज्या वळखीचा डॉक्टर हाय."

ओळखीचा डॉक्टरही मनाचाच निघाला. तिथं अण्णा बोलला. "सायेब, ह्यो ल्हानपणापासनं मुक्काच. म्हस दावं तोडून पळाली, ह्यो हुबा राहून बघतोय. सांगशील का न्हाय रं कुणाला?" डॉक्टर हसले. ते दावं तुटलं नव्हतं, अण्णानंच सैल बांधलं होतं, पण थोरल्या भावासमोर म्हशीचा खटला पुन्हा उघडायचा नाही, एवढं वळण मला आहे. दुसरं मत असं पडलं: हा आजार कमी आणि स्वभाव जास्त. रोज फिरायला जा, माणसांत मिसळा, गोळी पुढं हळूहळू कमी करता येईल. यातलं 'हळूहळू' अण्णाच्या कानात शिरलंच नाही. "बंद करा म्हनला बग," असं त्यानं बाहेर आल्या आल्या जाहीर केलं.

फिरायला सांगितलं म्हणून सकाळी रंकाळ्यावर जायला लागलो. तिथं माझा तालमीपासूनचा मित्र भेटला. त्याला काही सांगावं लागलं नाही, अण्णानं फोन केला होता.

"भावा," मित्र म्हणाला, "गोळी बी सोड आन स्वभाव बी सोड. आता समुपदेशन चालतंय. माज्या भाच्याला लय गुण आला."

समुपदेशन करणाऱ्या ताईंकडं तोच मला घेऊन गेला. ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "यांना थोडं बाहेर बसायला सांगूया का?" या सगळ्या प्रवासात मला कुणी हा प्रश्न विचारला तो एवढा एकदाच. आणि मी काय म्हणालो? "राहू दे ताई, घरचाच माणूस आहे." मित्रानं घरच्या माणसाचं कर्तव्य लगेच बजावलं.

"ताई, खरं सांगू का? वहिनींचा आवाज. गल्लीच्या तोंडाला ऐकू येतोय. ह्यो बिचारा काय बोलणार?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसत होतो. गप्प राहणं म्हणजे होकार असं त्यांनी धरलं असेल, आणि त्यांचं काही चुकलं नाही. नवरा-बायकोत संवाद कमी दिसतोय, पुढच्या वेळी दोघं या, असं त्यांनी सुचवलं.

हे घरी कसं सांगायचं याची तालीम मी वाटेत केली होती. उपयोग झाला नाही.

"म्हंजे मी न जाता माझ्यावरच निकाल लागला?" बायको म्हणाली. "मी काय केलं? तुमच्या दोस्ताला ह्या घरात आता चहा न्हाई."

आणि ती बोलायची बंद झाली. घरात अशी शांतता पसरली, की माझी तब्येत आणखी बिघडली. त्या आवाजाची मला सवय आहे. तो बंद झाला की पंखा बंद पडल्यासारखं होतं.

आता तीन जाणती माणसं तीन गोष्टी सांगतायत म्हटल्यावर दुसऱ्या कुणी चौथं मत घेतलं असतं. मी तडजोड काढली. पहिल्या डॉक्टरांचा मान म्हणून गोळी घ्यायची, दुसऱ्यांचा मान म्हणून ती अर्धी मोडायची. अण्णा येणार असला की ती अर्धीही टाळायची, म्हणजे विचारलं तर खोटं बोलायला नको. आणि ताईंचा मान म्हणून बायकोला उलटून बोलायचं नाही. पण ते मी आधीही कधी केलं नव्हतं. कुणाचंच मन मोडलं नाही. मोडत होती ती फक्त गोळी.

महिनाभरातच मला गरगरायला लागलं. एका दुपारी कागलकडचा एक शेतकरी मोटार घेऊन दुकानात आला, आणि ती उचलताना मी टेबलाला धरून उभाच राहिलो.

"पावणं," तो म्हणाला, "मोटारीआधी तुमचाच फेज गेलाय की."

मी पाणी प्यालो आणि नेहमीचा प्रश्न विचारला, मोटारीचं काय झालं. तो म्हणाला, व्होल्टेजनं जळली. सगळे तेच म्हणतात. मीही सवयीनं म्हणालो, "मोटार चालवतं कोण? तुम्ही की दुसरा कुणी?"

"धाकटा भाऊ."

"मग त्याला लावा फोन."

फोनवर धाकटा बराच वेळ आढेवेढे घेत होता. मग म्हणाला, "हिरीत पानी नव्हतं तरी जरा चालली. दादाला सांगू नगा." दादा शेजारी उभा, फोन स्पीकरवर. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. आणि हसताहसता मी तसाच थांबलो. मोटार आणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, चालवणाऱ्याला विचारायचं, हे मी आयुष्यभर करत आलो. आणि माझी स्वतःची मोटार मी तीन ठिकाणी पाठवली, तिन्ही वेळा दुसऱ्याच्या हातानं. डॉक्टरांची मतं जुळणार कशी? एकानं माझ्या बायकोचा नवरा तपासला होता, एकानं अण्णाचा धाकटा भाऊ, आणि ताईंनी मित्राचा मित्र. मला कुणी बघितलंच नव्हतं. मी दिसूच दिलं नव्हतं.

पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडं गेलो. बायको बरोबर होतीच. रुसली तरी दवाखान्याला एकटं सोडेल अशी ती नाही. आमचा नंबर आला तशी ती उठली.

"तू बस," मी म्हणालो. "मी एकटा जातो."

ती बघतच राहिली. बाकावरची सगळी बघत राहिली. नवऱ्यानं दवाखान्यात बायकोला बाहेर बसवणं म्हणजे आमच्याकडं जवळजवळ माहेरी पाठवण्यासारखं.

"मी काय जास्त बोलते म्हणून?" तिनं विचारलं. आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"नाही. मी कमी बोलतो म्हणून."

आत गेलो. सांगायला अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली, ते सोपं होतं. मग तो विचार सांगितला. रोज सकाळी शटर वर करताना वाटतं, आपण नसलो तरी हे शटर कुणीतरी उघडेलच. आपण नसलेलंच बरं. मला वाटलं होतं डॉक्टर खुर्चीतनं उठतील. ते उठले नाहीत. शांतपणे बरंच काही विचारलं, आणि पहिल्यांदाच सगळी उत्तरं मी दिली. काळजी होतीच, पण तिच्या खाली नैराश्य होतं, असं ते म्हणाले. गोळी बदलली, पूर्ण घ्यायला बजावलं. फिरणं चालू ठेवा, ताईंकडंही जा, पण एकटे जा. आणि शेवटी म्हणाले, "हा विचार घरातल्या एका माणसाला ठाऊक हवा. आजच."

घरातलं एक माणूस बाहेर बाकावर बसलं होतं.

समोरासमोर सांगायचा धीर होईना. स्कूटरवर ती मागं बसली, तेव्हा बरं वाटलं. निदान डोळ्यांत बघायचं नव्हतं. चालत्या गाडीवर मी सांगून टाकलं.

"काय म्हणालासा? मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई," मागनं आवाज आला.

जरा मोठ्यानं बोललो. "काय?" पुढं सिग्नल लागला. मी गाडी थांबवली आणि जन्मात कधी बोललो नव्हतो एवढ्या आवाजात म्हणालो, "शटर कुणीही उघडेल. मला वाटतं मी नसलेलाच बरा."

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवली. मग तिचा हात खांद्यावर आला आणि शर्ट मुठीत धरला गेला.

"गाडी बाजूला घ्या."

बाजूला घेतली. ती उतरून समोर उभी राहिली. डोळे भरलेले, आवाज मात्र पूर्वीच्या पट्टीत परत आलेला.

"शटर उघडंल की कोणबी. मी भांडू कुणासंगं?"

तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा मागं बसली आणि घर येईपर्यंत माझा शर्ट सोडला नाही.

अजून बरा झालोय असं म्हणवत नाही. शटर काही दिवशी हलकं असतं, काही दिवशी नाही. जड असलं की मी बायकोला फोन करतो आणि "आज जड हाय" एवढंच सांगतो. गोळी पूर्ण घेतो. अण्णाला ते सांगितलंय, तो अजून चिडून आहे. मित्राला चहा परत सुरू झालाय, साखर कमी.

दवाखान्यात बायको अजूनही येते. आत येत नाही, बाकावर बसते. परवा बाहेर आलो तर शेजारची म्हातारी तिला विचारत होती, "मालक एकटंच आत गेल्यात? तू न्हाई गेलीस?"

"न्हाई," बायको म्हणाली, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी. "त्यांचं त्यांना बोलाय येतंय आता."