बिनआवाजाचा तास

आज कोणत्या बाई शाळेत आल्या नाहीत, हे इंगवले सरांना मुख्याध्यापक बाईंच्याही आधी कळायचं. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटलेले असत आणि सर एक डोळा किलकिला ठेवून शिक्षकांच्या रांगेवरून नजर फिरवत असत. रांगेत एखादी जागा रिकामी दिसली की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की तो प्रार्थनेला मुळीच शोभत नसे. मग वर्गात जाताना आमच्या रांगेजवळून ते हळूच म्हणायचे, "भूगोलाच्या बाईस्नी ताप हाय. चौथा तास आपला." बाईंना ताप आल्याचा एवढा आनंद बाईंच्या सासूलाही झाला नसेल.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली आमची शाळा मुलींची. तीन बाजूंना वर्ग आणि मधे शहाबादी फरशीचा चौक, एवढाच काय तो मोकळा भाग. पेठेत फुटबॉल घरोघरी होता. माझे दोघे चुलत भाऊ तालमीच्या संघात खेळायचे आणि मॅच हरली की आमच्या घरात सुतक असल्यासारखी जेवणं व्हायची. पण पोरींनी खेळायचं नाव काढलं की सगळे डोळे वटारायचे. शाळा सुटली की थेट घर. घरी गेलं की भांडी, दळण, धाकटी भावंडं. दिवसभरात आमच्या मालकीचा म्हणावा असा वेळ एकच, तो म्हणजे ऑफ तास. बाई आल्या नाहीत की मिळणारा. आणि तो आम्ही भेंड्या लावून आणि बाकावर नावं कोरून घालवत होतो.

मी आठवीत असताना सर आले. राधानगरीकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायचे. खेळाचे शिक्षक होते, पण कायम नव्हते, तासाप्रमाणे नेमलेले. अंगानं किरकोळ, शर्ट बाहेर सोडलेला. पहिल्या ऑफ तासाला आमच्या वर्गात आले ते दारातच उभे राहिले. आमच्या भेंड्या ऐन रंगात होत्या आणि मी अर्थातच चिडीचा डाव खेळत होते. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भरल्या तासाला सगळीच शहाणी असत्यात. मोकळ्या तासाला माणूस कळतंय." मग माझ्याकडं बघून, "ही पोरगी भांडकुदळ हाय. हिला कॅप्टन करायची."

कशाची कॅप्टन ते आम्हांला दोन दिवसांनी कळलं. सरांनी मुख्याध्यापक बाईंकडून ऑफ तासाला चौकात फुटबॉल खेळायची परवानगी मिळवली होती. बाईंची अट एकच होती. चौकाभोवती वर्ग चालू असतात, तेव्हा एकाही वर्गात आवाज जाता कामा नये. दुसऱ्या कोणत्याही शिक्षकानं ही अट ऐकून नाद सोडला असता. सरांनी फाटका चेंडू आणला, शिवणाच्या तासातल्या चिंध्या त्यात ठासून भरल्या आणि तो शिवून आणला. तो उसळायचा नाही, फरशीवर नुसता घसरायचा. आम्ही बूट वर्गात काढून अनवाणी खेळायचो. हसायचं नाही, ओरडायचं नाही, पडलं तरी 'आई गं' म्हणायचं नाही. "आवाज झाला की तास गेला," हे सरांचं वाक्य. तेही कुजबुजत म्हणायचे.

आमची गोलकीपर मगदूम. तिच्या घरचं कापडाचं दुकान होतं आणि लाडाकोडात वाढल्यामुळं तिला रडायची भारी हौस. एकदा अंगठ्याचं नख उपटलं तेव्हा तिनं स्वतःचं मनगट दातात धरलं, पण हूं की चूं केलं नाही. पलीकडच्या वर्गात भूमितीचं प्रमेय सुरळीत चालू राहिलं. सरांनी स्वतःच्या रुमालानं तिचा अंगठा बांधला आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "वाघीण हायस." पुढं कित्येक दिवस मगदूम तो रुमाल दप्तरात घेऊन फिरत होती.

वेळ वाया गेलेला त्यांना सोसायचा नाही. एक तास संपून दुसऱ्या बाई वर्गात येईपर्यंत जो मधला वेळ असतो ना, तोही ते सोडत नसत. "बाकाखाली पायानं बाराखडी गिरवायची. घोटा तयार हुतोय. बाईंना वाटतंय पोरी गप बसल्यात." आम्ही खरंच गिरवायचो. उजव्या पायानं आणि मग डाव्या पायानं. डाव्या पायाचा 'क्ष' मला शेवटपर्यंत जमला नाही. आणि कोणी कंटाळली की ठरलेलं ऐकवायचे, "ऑफ तास काय वरनं पडत न्हाय. कुणीतरी आजारी पडलंय म्हणून मिळालाय. आजारी माणसाची तरी लाज धरा."

बोलायचं नाही म्हटल्यावर खुणा आल्या. "तोंड बंद हाय म्हंजे बोलणं बंद न्हवं," सर म्हणाले आणि आम्ही सगळ्या मिळून चौकात बसून खुणा ठरवल्या. शाळेत लाल रिबिनी लावून दोन वेण्या घालायची सक्ती होती. आम्हांला तिचा कायम राग यायचा, पण तीच कामाला आली. मी उजव्या वेणीला हात लावला की उजवीकडून धावायचं. डावीला लावला की डावीकडून. डोक्यावर तळवा ठेवला की चेंडू सोडून द्यायचा, मागची घेईल. एवढ्याच खुणा. त्या आमच्या अशा अंगवळणी पडल्या की घरी आई भाजी वाढायला लागली की मी डोक्यावर हात ठेवायची.

शाळाशाळांच्या फुटबॉल स्पर्धेत उतरलो तेव्हा लोक हसले. बाकीच्या संघांच्या पोरी घसा फोडून 'दे दे' करत होत्या आणि आम्ही मुक्यानं पळत होतो. "पावणं, ह्या पोरी मुक्या हैत काय?" असं एकानं सरांना माझ्यासमोरच विचारलं. सर नुसते हसले. आम्ही एकेक मॅच काढत गेलो. समोरच्यांना आमचं काही कळायचंच नाही, कारण चेंडू कुठं जाणार ते आमच्यातली कोणी तोंडानं बोलतच नव्हती. शेवटी शेवटी माझे चुलत भाऊसुद्धा बघायला आले आणि घरी जाऊन आईला म्हणाले, "काकी, हिला खेळू दे." त्या दिवशी मला सरांच्या पाया पडावंसं वाटलं. वडिलांनंतर मी इतका विश्वास दुसऱ्या कोणावर टाकला नव्हता, हे सरळ सांगून टाकते.

दहावीत आम्ही फायनलला पोचलो. त्या आठवड्यात मुख्याध्यापक बाईंनी आम्हांला बोलावलं. पालक कुरकुर करत होते, ऑफ तासाला अभ्यासिका घ्या म्हणत होते. बाई म्हणाल्या, "कप आणलात तर मी सगळ्यांना गप्प बसवीन आणि ऑफ तास खेळाचाच राहील. नाही आणलात तर पुढच्या वर्षीपासून अभ्यासिका." सर तिथंच उभे होते. खाली आल्यावर म्हणाले, "आठवीच्या पोरी तुमच्याकडं बघत्यात. त्यांचा तास तुमच्या हातात हाय." मग म्हणाले, गावाकडं काम निघालंय, चार दिवस येणार नाही. मगदूमनं लगेच डोळ्यांत पाणी आणलं. "आणि फायनल, सर?"

"फायनलला मी हायच की," सर म्हणाले.

आणि होते. सर शब्दाचे पक्के.

मैदानावर आम्ही शिवणाच्या बाईंबरोबर गेलो. शाळेनं त्यांना आमच्या सोबतीला धाडलं होतं आणि त्यांना गोल कोणत्या बाजूला करायचा हेही माहीत नव्हतं. समोरची शाळा गावाबाहेरची, मोठी, स्वतःचं मैदान असलेली. मी सरांना शोधत होते. मगदूमनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "त्ये बघ." समोरच्या शाळेच्या बाकावर, त्यांच्या पोरींच्या मधोमध, सर बसले होते. अंगात त्या शाळेचा नवा कोरा ट्रॅकसूट. त्या शाळेनं त्यांना कायमची नोकरी दिली होती आणि ते चार दिवसांपूर्वीच तिथं रुजू झाले होते. हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, सर चुकून तिकडं बसलेत. आता उठतील आणि इकडं येतील.

मॅच सुरू झाली. पहिला चेंडू माझ्याकडं आला आणि मी सवयीनं उजव्या वेणीला हात लावला.

"उजवीकडं! उजवीकडनं जातंय, अडवा!"

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. आमची मुलगी दोन पावलं टाकते न टाकते तोच त्यांच्या दोघी तिच्यापुढं उभ्या. मी डोक्यावर तळवा ठेवला, तर तिकडून, "सोडणार हाय, मागचीला धरा!" मी डाव्या वेणीकडं हात नेला, तो वेणीला लागायच्या आतच, "डावी!" तीन वर्षं आम्ही त्या माणसाची नुसती कुजबुज ऐकली होती. सरांचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, माझ्या बाबतीत ते अक्षरशः वेण्यांनी झालं.

मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागं होतो. शिवणाच्या बाई म्हणत होत्या, "पाणी प्या गं पोरींनो, रडू नका." मी म्हटलं, खुणा बंद, ओरडून खेळायचं. पण ओरडून खेळणं ही काय मनात आलं की जमणारी गोष्ट आहे? आम्हांला सवयच नव्हती. एकदम तिघी ओरडायच्या किंवा कोणीच नाही. मगदूम 'माझा' म्हणायला तोंड उघडायची आणि शब्दच फुटायचा नाही. आम्ही हरलो. किती गोलांनी ते सांगत नाही, अजून लागतं.

मॅच संपल्यावर सर आमच्याकडं आले. ट्रॅकसूटची चेन वरखाली करत होते. माझ्याशी बोलले ते मात्र पुन्हा कुजबुजल्यासारखंच.

"खुणा बदलायच्या हुत्या की गं. मी हिकडं बसलेलो तुला दिसत न्हवतो काय?"

"तुमी सांगायचं न्हवतं, सर."

"आता मी त्यांचा सर हाय. खुणा मला दिसत्यात, त्याला मी काय करू? डोळं झाकून बसू?"

"व्हय," मी म्हटलं. "झाकायचं."

त्यांनी हात पुढं केला. "मी जातो," मी म्हटलं. कोल्हापूरच्या पोरी तसंच म्हणतात, 'जाते' वगैरे पुस्तकात. आणि मी गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी शाळेत ऑफ तासाला अभ्यासिका सुरू झाली. आठवीच्या पोरी हाताची घडी घालून बसायला लागल्या. चिंध्यांचा चेंडू शिवणाच्या कपाटात गेला म्हणे. खरं सांगायचं तर सरांनी नोकरी बदलली याचा मला राग नाही. घर होतं, लेकरं होती, तासावारी किती दिवस काढणार? त्यांनी आम्हांला आधी सांगितलं असतं तर आम्ही पेढे मागितले असते. राग आहे तो त्या ओरडण्याचा. बाकावर बसून नुसतं गप्प राहायचं होतं. आणि गप्प कसं राहायचं हे त्यांच्याइतकं चांगलं कोणाला येत होतं?

मागच्या पावसाळ्यात सर त्यांच्या गावी वारले. मगदूमचा फोन आला. ती आता राजारामपुरीत राहते, स्वतःचं दुकान चालवते. "जाऊया काय गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मला शाळा आहे. ती एकटीच एसटीनं जाऊन आली. सांगत होती की सरांचा मुलगा भेटला, तो म्हणाला, बाबा शेवटपर्यंत 'माझ्या मंगळवार पेठेच्या पोरी' म्हणून आमच्याच गोष्टी सांगायचे. 'माझ्या' म्हणायचे! त्या दुसऱ्या शाळेत त्यांनी पुढं इतकी वर्षं काढली, पण गोष्टी आमच्या. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि चिडून स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. माणूस इतकं प्रेम करत होता, तर मग तो एक तास गप्प का बसला नाही?

मीही आता शिकवते, विज्ञान. आमच्या शाळेत कोणी रजेवर असलं की ऑफ तास मी मागून घेते. सहकारी म्हणतात, हिला काय हौस आहे बघा. मी पोरींना मैदानावर नेते आणि खेळताना पोटभर ओरडू देते. शेजारच्या वर्गातून तक्रार येते, ती मी ऐकून घेते. तास बदलताना बाकाखाली बाराखडीही गिरवायला लावते. सरांकडून घेतलेलं मी टाकलेलं नाही. टाकता येतही नाही.

परवा स्पर्धेसाठी संघ निवडला. कॅप्टन एक भांडकुदळ पोरगी आहे, मीच केली. ती म्हणाली, "मॅडम, ओरडलं की समोरच्यांना कळतंय. आपण खुणा ठरवूया की." सगळ्या माझ्याभोवती गोल करून बसल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांचे ते डोळे मला चांगले ओळखीचे होते. एवढ्या विश्वासानं बघतात पोरी!

"ठरवा," मी म्हटलं. "पण तुमच्या तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

"का मॅडम? तुमी तर आमच्याच की."

मी उठले, थोडी लांब गेले आणि त्यांचं ठरवून होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.