सगळ्यांत मागची जागा

बिश्केकच्या नाटक मंडळीत मी चौतीस वर्षं काढली. रंगमंचावर पुढची जागा मिळावी म्हणून एकमेकांचे बूट लपवणारे नट मी पाहिले आणि त्यांच्यावर प्रेमही केलं. पण सगळ्यांत मागची जागा पटकावणारा माणूस मला भेटला तो म्हातारपणी, कराकोलच्या आमच्या लाकडी चर्चमध्ये.

वालेरियान प्रोकोपिच. सफरचंदांच्या बागांवरचा निवृत्त अधिकारी. हयातभर झाडांना औषधं फवारली. निवृत्त झाल्यावर त्याला स्वतःच्या आत्म्यावर कीड दिसली. मग त्याने नम्रता आरंभली. ती कुणाच्या नजरेतून सुटू नये याची काळजीही घेतली. उपवासाच्या दिवसांत तो शेजाऱ्यांकडे जायचा, मटण भरून वाफवलेल्या मांतींच्या ताटाकडे बघून उसासा टाकायचा आणि कोरा चहा मागायचा.

एका रविवारी तो दाराशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. "माझ्यासारख्या पाप्याला हीच जागा," असं तो म्हणाला, आणि ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. ही युक्ती मला ठाऊक होती. जो नट सगळ्यांत मागे उभा राहतो, त्याच्याशी बोलायला बाकीच्यांना प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. त्या दिवशी अर्धं चर्च माना वळवून त्याच्याकडे बघत होतं.

पंचाईत एवढीच होती की तो कोपरा स्तेपानिदा आजींचा होता. वय ब्याऐंशी, पाय सुजलेले. आमच्याकडे प्रार्थना उभ्यानेच होते, पण आजींसाठी शेगडीजवळ एक बाक ठेवलेला होता. दर अर्ध्या तासाने त्यांना बाहेर जावं लागायचं, म्हणून दाराजवळ. आता बाक आणि दार यांच्या मध्ये वालेरियान लोटांगणं घालत होता.

"बाळा, जरा सरक."

"आजी, मी सगळ्यांत शेवटचा माणूस. मला आणखी कुठे ढकलता?"

"शेवटचा हो, नाहीतर पहिला हो. मला बाहेर जायचंय."

"दोन मिनिटं. अंतःकरण आत्ता कुठे मऊ होतंय."

त्याचं अंतःकरण मऊ होईपर्यंत आजींना धीर निघाला नाही. ओल्या घागऱ्याने त्या त्याला ओलांडून गेल्या. पुढचे तीन रविवार त्या आल्या नाहीत.

मी कोबीची कचोरी घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"देवाशी इथेच बोलते आता," त्या म्हणाल्या. "पण एकटी असले की मध्येच झोप लागते. तिथे चार माणसं खोकतात, म्हणून जागी राहते. पण त्या दारातून पुन्हा जाऊ कशी? सगळ्यांनी पाहिलं."

मी थेट फादर मेफोदींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि वालेरियानला बोलावलं.

"पुढच्या रविवारपासून तू वेदीपुढे मोठी मेणबत्ती धरायची. जरीचा झगा घालून."

"फादर, सगळ्यांच्या समोर? माझी जागा तर दाराशी."

"कठीण आहे खरं. सहन कर."

त्याने सहन केलं. झगा ढगळ होता. तो घरी नेऊन त्याने कमरेत आवळून आणला. येताना अर्धा तास आधी यायचा, दाढीला तेल लावून. "मला अजिबात आवडत नाही हो पुढे उभं राहायला," असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि न भेटणाऱ्याला गाठून सांगायचा. नट म्हणून सांगतो, मेणबत्ती घेऊन इतकं डौलदार चालणं मला कधी जमलं नाही.

त्याच्या मेणबत्तीच्या चौथ्या रविवारी मी आजींना हात धरून आणलं. त्या बाकावर टेकल्या. कुणी मान वळवली नाही. सगळे झग्याकडे बघत होते. आजी मध्येच उठल्या, बाहेर जाऊन आल्या, पुन्हा बसल्या.

"कसा दिसतोय?" मी हळूच विचारलं.

"पुढून बरा आहे," त्या म्हणाल्या. "मला त्याची मागचीच बाजू ठाऊक होती."

तेवढ्यात निवृत्त दंतवैद्य अर्काजी काका, मान खाली घालून, डोळे पाणावून, रांगेतून एकेक पाऊल मागे सरकत दाराकडे येऊ लागले. आजींनी आपली काठी उचलली आणि बाकापासून दारापर्यंत आडवी धरली.