गाडीवर विश्वास नसलेला ड्रायव्हर पाहिजे

"मॅडम, ब्रेक तुम्ही का मारलात?" दिनेश भोईरांनी मला विचारलं. बाळकुमच्या रस्त्यावर आमची गाडी कचकन थांबलेली, पुढ्यात राँग साइडने घुसलेली रिक्षा, आणि रिक्षावाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय.

थोडं आधीपासून सांगते. आमची कंपनी गाड्या बनवते. स्वतःहून चालणाऱ्या गाडीचं सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे, म्हणून टेस्टिंगला स्टिअरिंगवर माणूस लागतोच. त्याला सेफ्टी ड्रायव्हर म्हणतात. गाडी चुकतेय असं वाटलं की कंट्रोल त्याने घ्यायचा. तोवर हात स्टिअरिंगला टेकलेले, नजर रस्त्यावर. हे ड्रायव्हर मी निवडते. निवडीच्या टेस्टला मी शेजारी बसते, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा एक ब्रेक माझ्याही पायाशी असतो.

भोईर बाळकुमचेच. आयुष्यभर एका कारखान्याची बस चालवली, कुठे ओरखडा नाही. कारखाना बंद पडला, घरात कमावणारे ते एकटे. त्यांना ही नोकरी हवीच होती. सुरुवातीला काय सावध बसलेले! मी मनात त्यांना पास करून टाकलेलं.

पण गाडी नीट चालत राहिली, तसे ते सैलावले. तेवढ्यात रस्त्याकडेला गावदेवीचं देऊळ आलं. बस चालवताना एक हात छातीला लावायची सवय. आज गाडी आपली आपण चालतेय म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डोळेही मिटले. रिक्षा नेमकी तेव्हाच आली. गाडीला ती दिसलीच नाही.

ऑफिसात माझे बॉस, कुलकर्णी सर, वैतागले.

"अगं, एवढा क्लीन रेकॉर्ड! एका नमस्कारासाठी नाकारणार त्यांना?"

"सर, देवळापुढे मान मीही झुकवते. देवीचा काय संबंध? त्यांनी गाडीवर भरवसा टाकला."

"मग ट्रेनिंग देऊ."

"गाडी चालवायचं देता येईल. संशय घ्यायचं कसं देणार?"

सर म्हणाले, "सांग तूच त्यांना."

त्याच दिवशी टिटवाळ्याच्या वैशालीताईंना घेतलं. त्या शाळेची व्हॅन चालवायच्या. टेस्टभर गाडीवर खेकसत होत्या, "अगं बये, बघ की समोर!" गाडी शहाण्यासारखी वागली तरी त्यांचा राग काही जाईना. मला अगदी अशीच बाई हवी होती.

भोईरांना मी स्वतः सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण निर्णय बदलावासा वाटला नाही.

"ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले. "डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी गाडी झाली ना, की मला बोलवा."

खोटी आशा लावणं माझ्या जिवावर आलं.

"भोईरदादा, तशी गाडी झाली, तर आम्ही कोणालाच बोलावणार नाही."